हेड घासलेली जेट-स्की दर मोसमात पिस्टन धरते: पेट्रोल बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, जुनी टू-स्ट्रोक जेट-स्की. कोणीतरी हेड (सिलिंडरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, जमलं तर ठिणगीचं टायमिंगही थोडं पुढे घेतलेलं, एक्झॉस्ट बदललेला. नवा पिस्टन टाकून मशीन पाण्यात उतरतं, काही आठवडे झकास धावतं. मग खाडीच्या सपाट पाण्यात लांबवर फुल थ्रॉटल दिला की आवाज किंचित बसका होतो, वेग पडतो आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. पुन्हा बोअर, पुन्हा ओव्हरसाईज पिस्टन. किनाऱ्यावरचा सल्लाही ठरलेला: "पंच्याण्णवचं पेट्रोल घाल." घातलं तरी पुढच्या मोसमात तेच.

पंच्याण्णवचं घालून न सुटण्याचं कारण असं की पिस्टन धरण्याच्या चार-पाच कारणांपैकी एकच ऑक्टेनशी निगडित आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर कोपऱ्यात आपोआप पेटून न उठण्याची ती क्षमता आहे. मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल, क्रँकचं सील हवा ओढत असेल किंवा टाकीच्या तळाशी पाणी असेल, तर शंभर ऑक्टेननेही पिस्टन वाचत नाही.

आधी जुना पिस्टन वाचा

मेकॅनिक जुना पिस्टन भंगारात टाकतो. टाकू देऊ नका, दुरुस्तीची अर्धी माहिती त्याच्यावर असते.

पिस्टनच्या माथ्याची कड, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला, वाळूचा मारा केल्यासारखी खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल, हेडच्या कडेलाही तसेच टोचे असतील, दोन रिंगांमधली भिंत तुटली असेल, तर ते नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटल्याचे धक्के. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगाने पाहिलं तर बारीक चकाकणारे कण दिसतात, ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. इथे ऑक्टेन, टायमिंग, कॉम्प्रेशन हे विषय येतात.

माथा स्वच्छ, करडा-पांढरा आणि एक्झॉस्टच्या बाजूला रुंद उभे ओरखडे असतील, तर मिश्रण पातळ होतं. माथ्याच्या मधोमध भोक पडलं असेल तर प्लग फार गरम नंबरचा होता किंवा काजळीचा एखादा ठिपका तापून लाल राहत होता आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटत होतं. चार कोपऱ्यांवर चार उभ्या रेघा असतील, तर इंजिन थंड असतानाच ताणलं गेलं किंवा बोअर घट्ट केला. सगळीकडून कोरडे ओरखडे म्हणजे ऑइल पोचलंच नाही. आणि रिंगा गंजून खाचेत चिकटल्या असतील, क्रँकच्या बेअरिंगवर तांबूस ठिपके असतील, तर पाणी आत गेलेलं आहे. पेट्रोलच्या नंबरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

माथ्यावर आणखी एक खूण पाहायची. ट्रान्सफर पोर्टसमोर (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं ती वाट) काजळी धुऊन निघालेला, धातू दिसणारा पट्टा असतो. तो साधारण १० ते १२ मिलिमीटर आत आलेला असेल तर मिश्रण ठीक. जेमतेम असेल किंवा नसेलच, तर मशीन पातळ चालत होतं.

'९१'चा घोळ

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जेट-स्की बाहेरून आलेल्या, आणि मॉडिफिकेशनची माहितीही अमेरिका-कॅनडाकडून येते. त्यात बरीचशी स्नोमोबाईलवाल्यांची असते. कारण सरळ आहे: सी-डू जेट-स्की आणि स्की-डू स्नोमोबाईल एकाच घरच्या, दोन्हींत रोटॅक्सची इंजिनं. पण ती माहिती जशीच्या तशी उचलली की दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे आकडा. आपल्या पंपावर ऑक्टेन मोजण्याच्या रॉन पद्धतीचा आकडा असतो. अमेरिकन पंपावर रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी असते, तिला एकेआय म्हणतात. अमेरिकन ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. अमेरिकन ९१ म्हणजे आपलं ९५-९६. अमेरिकन ९३ म्हणजे जवळपास ९८. तेव्हा "हे हेड ९१वर चालतं" असं तिकडे लिहिलेलं वाचून इकडे ९१ घातलं, तर चार-पाच आकड्यांनी कमी पेट्रोल घातलं.

दुसरं म्हणजे उंची. डोंगरावर चालणाऱ्या स्नोमोबाईलची हेडं पातळ हवेसाठी बनवतात. सहा-आठ हजार फुटांवर सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते, त्यामुळे जास्त कॉम्प्रेशन खपून जातं. तेच माप समुद्रसपाटीला आणलं की दाब पूर्ण भरतो आणि नॉकिंग सुरू होतं. आपल्याकडे याची छोटी आवृत्ती दिसते. काम घाटावर होतं, कोल्हापूरला. ते शहर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सहा-सात टक्के कमी. तिथे पाण्याच्या टाकीत उभं करून जेटिंग लावलेलं (म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवलेलं) मशीन मालवणला उतरवलं की हवा दाट मिळते, कार्ब्युरेटर तेवढं पेट्रोल वाढवत नाही, मिश्रण थोडं पातळ पडतं आणि दाबही वाढतो. जेटिंग किनाऱ्यावरच, पाण्यात, भार घेऊन करायचं.

डिसेंबर-जानेवारीत मतलई वारा असतो तेव्हाची सकाळ त्यातही वाईट. हवा कोरडी, गार, दाट. एप्रिल-मे मधली दमट हवा नॉकिंगला थोडी आळा घालते, म्हणून "मे महिन्यात मस्त चालत होतं, नाताळच्या गर्दीत गेलं" ही तक्रार खरी असते. जेटिंग थंड सकाळी ठरवा, उन्हाळ्यात ते किंचित जाड पडेल, पण पिस्टन राहील.

कॉम्प्रेशन मोजा, अंदाज नको

"पाव मिलिमीटर घासलंय" या वाक्यावर पेट्रोल ठरवू नका. आधीच्या मालकाने किती घासलं, ते कोणालाच ठाऊक नसतं.

गेज पेट्रोल इंजिनाचा, चुडीचा, टोकाला व्हॉल्व्ह असलेला घ्या. डिझेलच्या गेजवर हे आकडे नीट वाचता येत नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन कोमट, दोन्ही प्लग काढलेले, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवून अर्थ केलेल्या. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटा कमी येतो आणि तिथेच फसगत होते. दोन सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. नव्या रिंगा बसायच्या असतील तर आकडा कमी दाखवेल, चार-पाच टाक्या चालल्यावर पुन्हा मोजा.

आता ढोबळ पण उपयोगी पडणारी मापं. १५० पीएसआयपर्यंत ९१ रॉन पुरतं. १५० ते १७० असेल तर ९५ हवं आणि टायमिंग कंपनीच्या खुणेवर हवं. १७० ते १८५ मध्ये ९७ ते १००, तेही हेडचा आकार नीट असेल तरच. १८५ च्या वर रेसचं पेट्रोल लागतं, आणि पर्यटकांना फेऱ्या मारणाऱ्या मशीनमध्ये त्याला काही अर्थ नाही. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० हे २०२० च्या डिसेंबरात आलं, पण ते मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या धंद्याला ते भावाने परवडत नाही. जे पेट्रोल रोज जवळच्या पंपावर मिळतं त्याला इंजिन जुळवायचं, हा आमचा आग्रह आहे. १६० च्या आसपास ठेवलेलं, नीट जेटिंग केलेलं मशीन १८५ वाल्यापेक्षा पूर्ण मोसमात जास्त कमावतं.

घासण्याने किती फरक पडतो तेही पाहा. यामाहाच्या ७०१ सीसी इंजिनाचा बोअर ८१ आणि स्ट्रोक ६८ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ३५० सीसी. बोअरचं क्षेत्रफळ धरलं तर हेड १ मिलिमीटर घासल्यावर ५.१५ सीसी जागा जाते. समजा आधी वर ३५ सीसी जागा होती. भूमितीय गुणोत्तर ११ होतं. ते एका मिलिमीटरमध्ये १२.७ वर जातं. अर्धा मिलिमीटरही त्यामुळे किरकोळ नव्हे.

स्क्विशची फट

नुसतं घासण्यातली खरी गोम इथे आहे. हेडच्या कडेला जो सपाट पट्टा असतो त्याला स्क्विश म्हणतात. पिस्टन वर आला की कडेचं मिश्रण तिथून दाबून मध्यभागी फेकलं जातं. फट जास्त असेल तर कडेला मिश्रण राहतं, तापतं आणि आपोआप पेटतं. फार कमी असेल तर वेगात पिस्टन हेडला टेकतो.

मोजायला दीड-दोन मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार घ्या. प्लगच्या भोकातून पिस्टन पिनच्या रेषेत, दोन्ही कडांना एकाच वेळी टेकेल अशी घाला, हाताने क्रँक एकदा पूर्ण फिरवा, चपटं झालेलं टोक व्हर्नियरने मोजा. एकाच बाजूला तार घातली तर पिस्टन कलतो आणि माप चुकतं. ८१ मिलिमीटरच्या बोअरला १.१ ते १.४ चांगलं. १ च्या खाली जाऊ नका. १.८ च्या वर असेल आणि गेजवर १७० दिसत असेल, तर हेडचा आतला घुमट चुकीचा आहे. तो लेथवर पुन्हा कापून घ्यायचा, पट्ट्याचा उतार पिस्टनच्या माथ्याशी जुळवून. खाली जाड बेस गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवण्याची युक्ती सर्रास चालते. त्याने आकडा उतरतो, पण फट वाढते आणि पोर्टही वर सरकतात. कॉम्प्रेशन कमी आणि नॉकिंग तसंच, अशी दोन्हीकडून पंचाईत.

टायमिंग प्लेट पुढे घेतलेली असेल तर हे सगळं करण्याआधी ती मूळ खुणेवर आणा. फुकटातला सगळ्यात मोठा उपाय तोच.

पंपावरचं आजचं पेट्रोल

साध्या पेट्रोलचं किमान रॉन बीएस-६ मानकात ९१ होतं. आता सर्वत्र मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल किमान ९५ चं असतं. "मग झालंच की" असं वाटतं, पण कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकची अडचण इथूनच सुरू होते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल जात राहिलं तर इंजिन सात-आठ टक्के पातळ चालतं. ऑक्टेन वाढला, पिस्टन मात्र तापला. फ्युएल इंजेक्शनवाल्या, सेन्सर असलेल्या गाड्या स्वतः जुळवून घेतात. मिकुनीचा कार्ब्युरेटर घेत नाही.

इथेनॉल किती आहे ते घरी कळतं. ऑइल न मिसळलेलं पेट्रोल घ्या. १०० मिलिलिटरच्या मापाच्या नळीत १० मिलिलिटर पाणी, वर ९० मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून मिनिटभर हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर १० टक्के, २८ च्या आसपास गेला तर २० टक्के. पाण्यात खायच्या रंगाचा थेंब टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. हे पेट्रोल परत टाकीत ओतू नका. बहुतेक जेट-स्की आणि आउटबोर्ड कंपन्यांची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, ओ-रिंग त्यापुढे मऊ होतात. सुपरचार्जरवाल्या फोर-स्ट्रोक सी-डूलाही ९५ रॉन आणि जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल, एवढंच सांगितलं आहे. त्या मशीनचा विषय वेगळा, इथे थांबतो.

२० टक्केवालं वापरायचंच असेल तर मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा, आणि मिकुनीचा सुपर बीएन कार्ब्युरेटर असेल तर हाय-स्पीड स्क्रू आठवा ते पाव फेरा बाहेर. मग प्लग पाहून पुढचं.

इथेनॉलचा खरा उपद्रव पावसाळ्यानंतर दिसतो. जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद. टाकी अर्धी भरलेली, मशीन माडाखाली ताडपत्री घालून ठेवलेलं. इथेनॉल पाणी ओढून धरतं, ठरावीक मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्येच विरघळवून ठेवतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. नुसत्या हवेतल्या ओलाव्याने हे हळू होतं; झाकणातून गेलेलं पावसाचं पाणी किंवा व्हेंटच्या नळीतून आलेलं समुद्राचं पाणी हे नेहमीचं कारण. आता काय होतं पाहा. वरच्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं, म्हणजे त्याचं ऑक्टेन पडलेलं. प्रीमिक्सचं, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळलेलं, ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं. आणि नळी टाकीच्या तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा मिळतं ते ऑइल नसलेलं पाणी आणि अल्कोहोल. नव्या मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात धरलेले पिस्टन याचेच असतात, आणि दोष पंपावर किंवा ऑइलच्या कंपनीवर जातो.

म्हणून आगोटीच्या कामांत टाकी पूर्ण रिकामी करणं घाला. मोसम सुरू करताना टाकीच्या अगदी तळातून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. गढूळ दिसलं किंवा खाली रेघ पडली, तर सगळं पेट्रोल काढा. नवं पेट्रोल ओतून ते पुन्हा एकजीव होईल या आशेवर राहू नका.

कॅन, रॉकेल आणि विमानतळ

आपल्या किनाऱ्यावरचा एक खास प्रकार. होडीची आउटबोर्ड रॉकेलवर चालणारी असते, तिच्यासाठीचा कॅन आणि जेट-स्कीचा कॅन एकच. तळाशी राहिलेलं रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळतं. रॉकेलचं ऑक्टेन इतकं कमी की वीस लिटरला अर्धा लिटर रॉकेलही घासलेल्या हेडला जाणवतं. कॅन वेगळे ठेवा, रंगाने ओळखता येतील असे. शंका असली तर फिल्टर पेपरवर एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतं, रॉकेल तेलकट डाग ठेवतं. पंपावर घनता विचारायचा हक्क आहे. १५ अंशांना मोजलेली घनता त्या दिवशीच्या नोंदीपासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त सरकलेली नसावी.

सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ झाल्यापासून "विमानाचं पेट्रोल मिळेल का" असंही विचारलं जातं. प्रवासी विमानांचं एटीएफ हे रॉकेलच्या जातीचं आहे, पेट्रोल नव्हे. ते टाकलं तर पहिल्याच फेरीत पिस्टन जाईल.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर "१० पॉइंट" लिहिलेलं असतं तेव्हा तो बहुतेक वेळा एक आकडा असतो, म्हणजे ९५ चं ९६. शिवाय मँगनीज असलेल्या बूस्टरने प्लगवर विटकरी थर बसतो आणि प्लग वाचता येत नाही. त्यापेक्षा मिसळणं सरळ: ९५ चं तीन लिटर आणि १०० चं दोन लिटर, सरासरी ९७.

ऑइल जास्त घातलं की वाचेल, हाही गैरसमज. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५. मॉडिफाय केलेल्या मशीनला ४० ला १, टीसी-डब्ल्यू-३ (पाण्यातल्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलचा दर्जा) दर्जाचं. त्यापुढे गेलात तर ऑइल पेट्रोलची जागा खातं, मिश्रण पातळ होतं आणि ऑक्टेनही उतरतो.

नवा पिस्टन टाकल्यावरचा क्रम

आधी हवेची गळती. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा: क्रँकचं सील, इनटेकचं गॅस्केट, पल्स लाइन. हे न करता जेटिंग लावणं म्हणजे भोक असलेल्या घागरीत पाणी मोजणं.

मग कूलिंग. खाडीचा गाळ आणि मीठ हेडच्या वाटांत बसतं, हेड तापतं, आणि कालपर्यंत पुरणारं ऑक्टेन आज पुरत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेड पाहा. भारावर ६५ अंशांच्या पुढे जात असेल तर वाटा साफ करा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करताना इंजिन आधी सुरू, मग पाणी. बंद करताना पाणी आधी, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.

शेवटी प्लग. कॉम्प्रेशन वाढवलेल्या ७०१ ला एनजीकेचा बीआर-७-एचएस असेल तर बीआर-८-एचएस घाला. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड. नवे प्लग लावून, दुसरी होडी जवळ ठेवून, लाइफ जॅकेट घालून, सपाट पाण्यात अर्धा मिनिट फुल थ्रॉटल द्या आणि थ्रॉटल न सोडता स्टॉपचं बटण दाबा. आयडलवर आणून बंद केलंत तर आयडलची काजळी दिसेल, भाराची नाही. चिनीमातीच्या तळाशी, धातूला लागून, तपकिरी वळं दिसलं पाहिजे. वळं नसेल तर जेट वाढवा. वळं आहे पण चकाकणारे कणही आहेत, तर मिश्रण नीट आहे आणि नॉकिंग होतंय: टायमिंग दोन अंश मागे घ्या, तरी कण दिसले तर पेट्रोल एक पायरी वर, तरीही दिसले तर हेडचा घुमट मोठा करून घ्या. पहिल्या दोन टाक्या अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे सलग धरू नका, तिघांना बसवून तर मुळीच नको. आणि तिसऱ्या टाकीनंतर हाच प्लग पुन्हा काढून भिंगाखाली पाहा.